नकाशात जिथं तू पोचली नव्हतीस

वैशे,

तुझ्या आईनं परवा मला एक प्रश्न विचारला आणि मी गप्प बसले. माझं गप्प बसणं तू कधी पाहिलं नाहीस, म्हणून मुद्दाम सांगते. दहाव्याचं आटोपून बायका पांगल्या होत्या. मथुरामावशी उंबऱ्यावर बसली होती, तिच्या नेहमीच्या जागी, पदराचं ओलं टोक मानेवर ठेवून. मला म्हणाली, "तुला ठावं आसंल. इतकी वर्सं ती तिकडं पुण्याला नेमकं काय करीत व्हती?" मी म्हणाले, संशोधन. ते तिलाही माहीत होतं, सगळेच तसं सांगत होते. कशाचं, म्हणाली. मी म्हणाले, मेंदूचं. तिनं मागं वळून घरात कुणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "माझ्यापायी करीत व्हती का गं?"

नांदूरघाटच्या बसथांब्यावर टेबलावर उभं राहून मी भाषणं केली आहेत. तहसीलदाराच्या दालनात त्याच्यासमोर त्याला सुनावलंय. तुझ्या आईला मात्र मी उद्या येते म्हणाले आणि चपला घालून निघाले. तो उद्या अजून आला नाही. रविवारी तुझी शोकसभा आहे. सभेचं पत्रक मी लिहायचं, हे कुणी ठरवलंसुद्धा नाही, ते गृहीतच आहे. समोर कागद आहे. पत्रक लिहायला बसले आणि हे तुलाच लिहीत सुटले.

आधी गावात काय चाललंय ते ऐक. चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. एका पुढाऱ्यानं लावला. त्यात तो हात जोडून उभा आहे, पूर्ण उंचीचा, आणि तू वर कोपऱ्यात, पदवीच्या काळ्या झग्यातली, पासपोर्टाच्या फोटोपेक्षा थोडी मोठी. खाली लिहिलंय, 'मेंदूचा महान शोध लावणारी आपल्या गावची कन्या'. तू हा फ्लेक्स बघून आधी हसली असतीस, मग चिडली असतीस, मग मला म्हणाली असतीस, जा, खडू घेऊन 'महान' खोड, आणि 'शोध' पण खोड. मग उरलं काय असतं? गावची कन्या. तेवढं तुला चाललं असतं.

आमच्या संघटनेतल्या बायकांनाही काहीतरी मोठंच हवंय. त्यांचं म्हणणं, लिही की ऊसतोडीच्या बायांच्या आजारावर ती औषध शोधत होती. औषध जवळजवळ हाती आलं होतं. अप्पांना विचारलं. माझ्या बापाचं आयुष्य मोर्च्यांची पत्रकं लिहिण्यात गेलं, तुला माहीतच आहे. ते म्हणाले, पत्रकात शंका लिहायची नसते, शंका वाचून कुणी मोर्चाला येत नाही.

मी याच शाळेत वाढले. आमच्या घरी चुलीला पेटवणसुद्धा पत्रकांचंच असायचं. तुझे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर जायचे आणि ते परतेपर्यंत तू आमच्याकडे राहायचीस. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे घरभर असायचे. मी पुढची बाजू मोठ्यानं वाचत बसायचे, अप्पांच्या आवाजात, मूठ वर करून. तू मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवायचीस. अप्पा म्हणायचे, ही पोरगी क्रांतीचा कागद वाया जाऊ देत नाही. तू मला पत्रकवाली म्हणायला तेव्हाच लागलीस. मी तुला उंदीरवाली म्हणायला लागले ते फार नंतर.

आपण नववीत होतो तेव्हा मावशी कारखान्यावरून आली ती गर्भाची पिशवी काढूनच. पाळीचा त्रास होता, कामाचे खाडे पडत होते, मुकादम कुरकुरत होता. कुणा डॉक्टरानं सांगितलं, काढून टाका, पुढं कॅन्सर होईल. तिनं ऐकलं. टोळीतल्या किती जणींनी ऐकलं. पिशवीबरोबर तिची अंडाशयंही गेली होती, हे आपल्याला खूप उशिरा कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की ऐन थंडीत, आपण गोधडीत गुरफटलेल्या असताना, ती उठून उंबऱ्यावर जाऊन बसायची आणि पदर ओला करून मानेवर ठेवायची. म्हणायची, अंगातून जाळ निघतो. तिशीच्या आसपासची बाई होती ती, वैशे. आज आपण आहोत त्याहून लहान.

तेव्हा मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. त्यात त्या डॉक्टरला, मुकादमाला, कारखान्याला आणि सरकारला एका परिच्छेदात धारेवर धरलं होतं. तू काय केलंस? तू विज्ञानाच्या सरांना उभी राहून विचारलंस की पिशवी पोटातली काढली, मग जाळ मानेतून आणि कानांतून कावून निघतो? वर्ग हसला. सर खाली बस म्हणाले. तू खाली बसलीस, पण तो प्रश्न खाली बसला नाही. आपल्या वाटा त्या दिवशीच फुटल्या, असं मला आता वाटतं. मी दोषी कोण ते शोधायला निघाले आणि तू जागा शोधायला.

तुझ्या प्रयोगशाळेत मी एकदाच आले. मोर्चासाठी पुण्याला आले होते, पिशवीत पत्रकं होती, पाय धुळीनं भरलेले. तू मला दारात चपला बदलायला लावल्यास. पिंजऱ्यांतून पांढरे उंदीर होते, आपल्या शेतातल्या उंदरांपेक्षा शांत आणि स्वच्छ. एका मादीला तू दोन बोटांनी मानेवर खाजवलंस आणि म्हणालीस, काय बाई, झालं का जेवण. मी विचारलं, यांना मारता का तुम्ही? तू हो म्हणालीस. पुढं काही जोडलं नाहीस, 'पण' लावला नाहीस. मी त्यावर वाद घालायच्या तयारीनं उभी होते आणि वाद घालायला काही उरलंच नाही.

मग तू मला ते यंत्र दाखवलंस, गोठवलेल्या मेंदूचे काप करणारं. भुईमुगाच्या भरलेल्या शेंगेएवढा मेंदू आणि त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप. ते तू बारीक कुंचल्यानं उचलून पाण्यासारख्या द्रावणात सोडत होतीस. ते तरंगायचे, वळायचे, उलटे व्हायचे. एकदा उलटा झाला की डावं कुठलं, उजवं कुठलं कळत नाही, म्हणून कापायच्या आधी डाव्या बाजूला सुईनं एक भोक पाडायचं. एका मादीच्या वेळी तू ते भोक पाडायला विसरली होतीस. तुझ्या सोबतची मुलगी मला हसत हसत सांगत होती की दोन्ही बाजू सारख्याच तर असतात, कुणाला कळणार होतं? पण हिनं वहीत त्या मादीच्या एकेका कापापुढं लिहून ठेवलं, 'बाजू माहीत नाही'. एकाच वाक्याची ती रांग मला तू दाखवलीस. आपल्याकडं खोट्या सह्या ठोकून पंचनामे होतात आणि ही बया उंदराच्या डाव्या-उजव्याबद्दल कबुलीजबाब देत बसलीय, असं मी तेव्हा म्हणाले होते. आज ती रांग आठवते आणि हसू येतं, आणि हसू येतंय तोवर डोळे भरतात.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी म्हटलं, आता मला सरळ भाषेत सांग. तू माझ्याच पिशवीतलं एक पत्रक काढलंस. पुढं मागणी होती, ऊसतोडीच्या तळावर संडास आणि बाईडॉक्टर. ते उलटं केलंस आणि मागं काढायला लागलीस. मधोमध एक उभी फट, तिच्या दोन्ही बाजूंना ढगांसारखे आकार. मेंदूच्या तळाशी एवढासा भाग, म्हणालीस, हायपोथॅलॅमस नावाचा. उंदरात तुरीच्या डाळीएवढा. तहान, भूक, अंगाची ऊब, पाळी, सगळ्याचा कारभार तिथून चालतो. आणि तिथं एक विकर असतं. विकर म्हणजे काय, ते तू मला माझ्याच भाषेत सांगितलंस: कामगार. पुरुषी संप्रेरक हातात आलं की त्याचं बाईचं संप्रेरक करून पुढं देणारा. अंडाशयात असतो तसा तो मेंदूतही असतो, पण सगळीकडं नाही. कुठल्या वस्तीत आहे, कुठल्या वस्तीत नाही, याचा नकाशा तू करत होतीस. जिथं तो आहे तिथं रंग दिल्यावर तपकिरी ठिपके उठतात.

तू खुणा केल्यास. काही ढगांत भरीव ठिपके, काहींत पोकळ गोल. मग शेजारी तसाच दुसरा नकाशा काढलास आणि त्यात काहीच भरलं नाहीस. मी विचारलं, पोकळ गोल आणि कोरं यात फरक काय, दोन्हीकडं काही नाहीच ना? तू चहाचा कप खाली ठेवलास.

"गोल म्हंजी मी तिथं गेलते, बघितलं, न्हवतं. कोरं म्हंजी मी अजून गेलेच न्हाई. ह्या दोन गोष्टी एक केल्यास तर तुला परत चहा पाजणार न्हाई."

हा दुसरा कुणाचा, मी विचारलं. अंडाशयं काढलेल्या माद्यांचा, म्हणालीस. अंडाशय गेल्यावर मेंदूतला हा कामगार काय करतो, त्याच वस्तीत राहतो, वाढतो, की निघून जातो, ते बघायचंय. मी लगेच म्हणाले, म्हणजे मथुरामावशी. तू म्हणालीस, म्हणजे उंदीर. उंदीर म्हणजे बाई नव्हे, पत्रकवाले.

मला तुझा राग येत होता, आणि तो खोटा नव्हता. गावोगावच्या बायांच्या पिशव्या निघत होत्या, त्या परत कोयता घेऊन फडात उभ्या राहत होत्या, आणि तुझ्याकडं उत्तर होतं ते 'अजून गेले नाही' हे. दिवाळीत तू आलीस तेव्हा आपण स्कूटीवर धर्मापुरीला गेलो होतो. देवळाच्या भिंतीवर जिथं मूळची कोरलेली मूर्ती गेलीय तिथं दुरुस्ती करणाऱ्यांनी साधा, सपाट दगड बसवलाय. मला ते कंजुषीचं काम वाटलं. तू मात्र त्या सपाट दगडावर हात ठेवून उभी राहिलीस, शेजारच्या दगडात कोरलेल्या सुंदर बायकांकडं न बघता. म्हणालीस, इथं काय होतं ते माहीत नाही म्हणून त्यांनी मनानं काही कोरलं नाही, किती चांगलं. मी म्हणाले, तुझं सगळं शास्त्र म्हणजे हात राखून बोलणं आहे. तू म्हणालीस, "आणि तुझं म्हंजी हात सोडून सायकल चालवणं." परत येताना दोघी फुगलेल्या. केजला भजी खाल्ली तेव्हा सुटलं, पण वाद सुटला नाही.

तो वाद शेवटच्या फोनपर्यंत पुरला. तुला ताप आला होता, तो साधा असेल असं आपल्या दोघींनाही वाटलं होतं. पाळीच्या दिवसांतल्या खाड्यांवर मी पत्रक लिहीत होते आणि मला तुझ्या कामाची एक ओळ हवी होती. तू नाही म्हणालीस. मग मी म्हणाले, ओळ नको देऊस, पण एवढं तरी कबूल कर की हे तू आईसाठी करतेयस. मग म्हणालीस, "आमी काचपट्टीवरचं नाव कागद लावून झाकतो. कुणाची काच हाय ते बघणाऱ्याला कळलं की डोळा लबाडी करतो, पाहिजे ते दिसायला लागतं. सगळं मोजून झालं की मग कागद काढायचा. आईचं नाव मी तसंच झाकून ठेवलंय. तू उचकटू नको."

मी म्हणाले, आणि मोजून झाल्यावर? तू म्हणालीस, मोजून झाल्यावर मी स्वतः काढीन. मग खोकलीस, झोपते म्हणालीस. त्या तापाचं नाव डेंग्यू निघालं आणि मी पुण्याला पोचले तेव्हा बोलायला तू नव्हतीस.

मी आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या नावानं निवेदन दिलंय. तुझ्या जाण्याचं निवेदन कुणाला द्यायचं ते मला कळत नाही. डासांबद्दल महापालिकेला दोन पानं लिहिली, फाडली. ते खोटं नव्हतं, पण तुझ्याबद्दलही नव्हतं. माझ्या फोनमध्ये तू अजून 'उंदीरवाली' आहेस. परवा फ्लेक्सचा फोटो काढला तो तुला पाठवायलाच. पाठवायच्या खुणेवर बोट गेलंसुद्धा. दिवसातून असं किती वेळा होतं: काहीतरी गमतीचं घडतं, मी ते तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवते, आणि मग ते तसंच पडून राहतं. एस.टी.त शेजारची जागा रिकामी असली की मी अजून पिशवी ठेवत नाही. तू पुण्याहून येऊन मधेच कुठूनतरी चढणार असतेस.

तुझ्या सोबतच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, पहिला नकाशा पूर्ण आहे. अंडाशयं काढलेल्या माद्यांचे काप करून फ्रीजरमध्ये ठेवलेत, रंगवायचे होते. नावांवर कागद मीच लावणार होते, म्हणाली, आणि रडायला लागली. आता कोण करेल विचारलं, तर म्हणाली, कोणीतरी नक्की करेल, मी सरांशी बोलतेय.

इथवर लिहून कागद ठेवून दिला होता, मधे काही दिवस गेले; काल संध्याकाळी अखेर मी मावशीकडं गेले. टपरीवर तू मागं नकाशे काढलेलं ते पत्रक नेलं होतं, मी जपून ठेवलेलं, चहाचा डाग पडलेलं. वाटेत फ्लेक्सखालून जाताना ठरवलं होतं की हो म्हणून टाकायचं. तुझ्यासाठीच करत होती मावशी, औषध सापडलंच होतं. एका बाईला एवढं देण्यात काय खोटं? तू अडवायला नव्हतीस. पण कागद उघडला आणि तुझे ते पोकळ गोल समोर आले, इतके नीट काढलेले, आणि माझ्या तोंडून तयार करून आणलेलं एकही वाक्य निघालं नाही. मी तिला तू मला सांगितलंस तसंच सांगितलं. उंदीर, काप, डाव्या बाजूचं भोक. भोकाची गोष्ट ऐकून ती म्हणाली, लहानपणी बी तशीच, चपात्या लाटताना गोल झाली न्हाई तर सांगून वाढायची. मी ठिपके दाखवले, गोल दाखवले. तिनं उजवीकडच्या नकाशावर बोट ठेवलं.

"आन ह्यो कावून कोरा?"

मी म्हणाले, हा ज्यांचं काढून टाकलंय त्यांचा. मावशीनं बोट उचललं नाही. मी म्हणाले, तिथं ती पोचली नव्हती. बघितलं आणि सापडलं नाही असं नाही, मावशी. अजून बघितलंच नव्हतं.

"म्हंजी माझ्यापायी न्हवतं."

वैशे, तू उचकटू नको म्हणाली होतीस. मी उचकटलं नाही. मी तिला फक्त कागदाची रीत सांगितली: काचेवरचं नाव का झाकतात, डोळा कसा लबाडी करतो, आणि सगळं मोजून झाल्यावर कागद कोण काढतं. मग म्हणाले, मावशी, तुझं नाव तिनं तसंच झाकून ठेवलं होतं. याच्या पुढचं मला माहीत नाही. ते तिनं मला सांगितलं नाही.

मावशीनं नकाशावरचं बोट उचललं. पदराचं टोक वाळलं होतं, ते तिनं तांब्यात बुडवलं, पिळलं, मानेवर ठेवलं.

"झाकलं म्हंजी व्हतं की," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "सभेत सांगू नगंस. तिचं मोजून व्हायचं हाय."

आपला वाद मिटला असं समजू नकोस. मला अजूनही वाटतं की जग तुझा रंग वाळेपर्यंत थांबू शकत नाही, आणि मी थांबणारही नाही. पिशव्या कुणी काढल्या, कुणाच्या सांगण्यावरून काढल्या, हे मी रविवारी नाव घेऊन विचारणार आहे, आणि त्यात शंका ठेवणार नाही. ती माझी बाजू आहे. पण तुझ्याबद्दल मी लिहिलं ते एवढंच: अमुक ठिकाणी तिनं पाहिलं आणि होतं, तमुक ठिकाणी तिनं पाहिलं आणि नव्हतं, आणि इथं ती पोचायची होती. अप्पांनी मजकूर दोनदा वाचला. मला वाटलं, म्हणतील हे पत्रक नव्हे. ते एवढंच म्हणाले, मागची बाजू कोरी आहे, तिथं तिचं चित्र घे, तिची जागाच ती.

केजला छपाईच्या दुकानात संगणकावरचा पोरगा तुझे दोन्ही नकाशे बसवत होता. उजवीकडं बोट दाखवून म्हणाला, ताई, ही जागा रिकामी दिसतेय, हिथं फूल टाकू का, नाहीतर समई? मी नको म्हणाले. मग मॅडमचा फोटो तरी, म्हणाला. नको.

तो नकाशा तसाच कोरा छापलाय, वैशे. कुणीतरी जाऊन बघेपर्यंत.